मंगळीचा आहारतक्ता

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

आज गाईचं वजन काढलं, शिंप्याच्या टेपने. एक टेप पुरेना म्हणून दोन टेपा सेफ्टी पिनेने जोडल्या. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर घेतला, मग खांद्यापासून शेपटीच्या हाडापर्यंत लांबी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले तीनशे. मापं इंचात, उत्तर पौंडात. किलो करून दोनशे बहात्तर आलं. राधा टेपेचं दुसरं टोक धरून हसत होती. म्हणाली, "ताई, ब्लाउज शिवताय का तिचा?"

राधा म्हणजे मारुतीच्या देवळाबाहेरची गाईवाली. आधी तिची सासू बसायची, आता ही. सकाळी सहा ते बारा गाय कोपऱ्यावर उभी. लोक राधाकडून गवताची जुडी घेतात, गाईला घालतात, पाठीला हात लावून कपाळाला लावतात आणि कामाला पळतात. दुपारी गाय मागच्या गल्लीतल्या बंद डेअरीच्या पडवीत, चारला पुन्हा कोपऱ्यावर. नाव मंगळी. मंगळवारी आणली म्हणून मंगळी, एवढी साधी गोष्ट.

आणि मी ललिता पेडणेकर. परळच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटांचे आहारतक्ते लावले. रिटायर होऊन चार वर्षं झाली, जयवंत जाऊन दीड. तो गेल्यापासून घरात तक्ता लावायला कोणी नाही. माझ्या एकटीचा काय लावायचा, चहा-पोळी. सकाळी उठल्यापासून हात नुसते शिवशिवतात.

गेल्या आठवड्यात राधा म्हणाली, पितृपक्ष आला की मंगळीचं पोट बिघडतं, लोक काय वाट्टेल ते आणून घालतात, तुम्ही शिकलेल्या आहात तर एक बोर्ड लिहून द्या. बोर्ड लिहिण्याआधी विषय कळायला हवा. म्हणून टेप.

११ सप्टेंबर, गुरुवार

मंगळीला बघायला महिन्यातून एकदा डॉ. सुशांत येतो. पस्तिशीचा, राहुरीकडचा, बोलणं मोकळंढाकळं. मी आठवडाभर वाचून काढलेला तक्ता त्याच्यापुढे ठेवला. इतकी प्रथिनं, इतकी ऊर्जा, कोरडं वजन धरून दिवसाला साडेसहा किलो चारा. त्याने तो नीट वाचला आणि परत दिला.

"मॅडम, हिशोब बरोबर आहे. पण तुम्ही गाईला खायला घालतच नाही. तिच्या पोटात जे जंतू आहेत, त्यांना घालता. ते खातात, आणि गाय त्यांच्या जिवावर जगते."

मग त्याने समजावलं. गाईचं पहिलं पोट म्हणजे मोठं पिंप, त्यात सगळं आंबत असतं, आपल्याकडे इडलीचं पीठ आंबतं तसं. गवत खाणारे जंतू संथ असतात. भात, पोळी, गूळ असं काही एकदम आत गेलं की दुसरे, घाईवाले जंतू माजतात, भसाभस आम्ल करतात आणि त्या आम्लात गवतवाले मरून जातात. जंतू मेले की गाय उपाशी, पोट भरलेलं असूनही. गाय बसून रवंथ करते ती उगाच नाही, त्या लाळेत सोडा असतो, तो आम्ल मारतो.

मी तीस वर्षं माणसांच्या पोटांचं बघितलं, पण हे मला ठाऊक नव्हतं. घरी येताना स्वतःचाच राग आला. आणि खरं सांगायचं तर मजाही वाटली. कितीतरी दिवसांनी.

१३ सप्टेंबर, शनिवार

बोर्ड लागला. पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगाने, माझ्याच अक्षरात: "गाईला शिजवलेलं अन्न घालू नये. भात, पोळी, वडे, खीर यांनी गाय आजारी पडते. चारा घाला, पुण्य तेवढंच मिळतं." शेवटचं वाक्य राधाचं. पुण्याचा तक्ता माझ्याकडे नाही.

आज जयवंतची तिथी होती, सप्तमी. लेकीला, आकांक्षाला सुट्टी नाही. ठाण्याहून येणार कधी आणि करणार कधी. म्हणाली, "आई, सर्वपित्रीला करू ना, रविवार पण आहे." तिला हे सगळं मनापासून पटत नाही, मलाही अर्धंच पटतं. पण ठरलं ते ठरलं, एकवीस तारखेला सगळे माझ्याकडे.

बोर्ड वाचून कॉनरॅड थांबला. शेजारच्या वाडीतला कॉनरॅड परेरा, जयवंतचा कॅरमचा पार्टनर. बायको नेरिसाच्या किचनमधले उरलेले पाव रोज सकाळी मंगळीला घालतो, चार तरी असतातच. त्याने विचारलं, पाव पण शिजवलेलाच ना? मी म्हटलं, भाजलेला, पण मैदा तो मैदा. तो इतका ओशाळला की मला दया आली. एक पाव चालेल म्हटलं. त्याने खिशातून चार काढले, तीन परत ठेवले.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बोर्डावरून रोज भांडण. आज एक बाई पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आल्या. म्हणाल्या, आमच्या सासूबाईंना आवडायच्या, गाय खातेय तर तुमचं काय जातं? मी शांतपणे पहिलं पोट, आम्ल, जंतू सगळं सांगितलं. देवळाबाहेर श्राद्धाच्या दिवशी जंतू काढले म्हणून त्या जास्तच भडकल्या, पण डबा परत गेला. राधा खूश.

लोकांना एवढं साधं कळत नाही की प्रेम वेगळं आणि पथ्य वेगळं. जयवंतची किडनी गेली तेव्हा मी सहा महिने त्याचं पान ग्रॅमवर लावलं. भाज्या दोनदा उकळून, पाणी टाकून. तो मला वॉर्डन म्हणायचा. शेवटच्या गणपतीत खीर-वडे मागत होता, एकदा नाही, तीनदा. मी म्हटलं आधी जानेवारीचे रिपोर्ट येऊ देत. रिपोर्ट आले, आणि मग आठ दिवसांत तो गेला. मी बरोबरच होते. कुठल्याही डॉक्टरला विचारा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दुपारी पडवीत जाऊन बसले. मंगळी रवंथ करत होती. एक गोळा वर आला की बावन्न वेळा चावते, गिळते, थोडं थांबते, की दुसरा. पाच गोळे मोजले: बावन्न, पन्नास, पंचावन्न, बावन्न, एकोणपन्नास. तब्येत उत्तम. घरी परत जाववेना.

रविवारची यादी केली. बारा माणसं.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री

पहाटेपासून ओट्यापाशी. भात, तांदळाची खीर, वडे, काळ्या वाटाण्याचं सांबार, दोन भाज्या. साडेबाराला आकांक्षाचा फोन. श्रेयाला, माझ्या नातीला, ताप आलाय, निघता येत नाही. माझे दीर-जाऊ तिच्याच गाडीतून येणार होते, म्हणजे कोणीच नाही. मी म्हटलं काही हरकत नाही, पोरीला सांभाळ.

कावळ्याला वाडी ठेवली. गाईला दोन घास घातले. चारपर्यंत सगळी भांडी घासून ओटा स्वच्छ. मग फ्रीज पण पुसून काढला.

सात वाजता राधाचा फोन. मंगळी चारपासून कोपऱ्यावर यायलाच तयार नाही, डावी कूस फुगलीय, रवंथ बंद. डॉ. सुशांत वडिलांच्या श्राद्धाला गावी गेलेला. फोन मीच लावला.

"काय खाल्लं तिनं?"

"दुपारी दोन घास घातले मी."

"ओला होता का?"

"ओला म्हणजे… ताजा होता. सकाळचाच."

"मग बरोबर. ओल्या घासानं फेस धरतं पोट. आणि दोन म्हणजे लई झाला, मॅडम. पाव लिटर गोडेतेल सावकाश पाजायला सांगा आणि हिंडवा तिला. मी उद्या दुपारी पोचतो."

दोन म्हणजे लई झाला, असं डॉक्टरच म्हणाला. म्हणजे किती हा प्रश्नच नाही. घरातलं तेल घेऊन गेले. राधाने पाजलं, मी मान धरली.

२२ सप्टेंबर, सोमवार, दुपार

सकाळी राधाने बोलावलं तेव्हा मंगळी दात खात होती. राखाडी, फेसाळ जुलाब, वास आंबट. आंबोळीचं पीठ चार दिवस विसरावं तसा. उठवली तर पाय अडखळले.

डॉक्टर साडेबाराला आला. नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढलं, आम्ल मोजायची कागदाची पट्टी त्यात बुडवली. साडेचारच्या आसपास. सहाच्या वर हवं. त्याचा चेहराच बदलला.

"हे घासानं होत नाही. कोणी सांगितलं हिनं दोन घास खाल्ला?"

राधाने माझ्याकडे बघितलं. मी त्याला म्हटलं, घास म्हणजे घास. तो म्हणाला, आमच्या राहुरीकडं घास म्हणजे हिरवा चारा, लसूणघास, दोन घास म्हणजे त्याच्या दोन पेंढ्या. ओल्या लसूणघासानं गाय फुगते, त्यावर तेल. राधा म्हणाली, गिरगावात लसूणघास कुठला आणायचा डॉक्टर, इथे घास म्हणजे तोंडात जातो तो. म्हणजे काल संध्याकाळपासून गाईवर भलत्याच दुखण्याचा इलाज चालला होता, आणि तो माझ्या एका शब्दावर.

"मग तुमचे दोन घास म्हणजे नेमकं काय, मॅडम?"

मी म्हटलं, नैवेद्याचं. थोडंसं.

हो, तेच म्हटलं.

तो म्हणाला, थोड्याने एवढं होत नाही. आणखी कोणी काय घातलं? किती, ते कळायला पाहिजे. किलोभराच्या आतलं असेल तर सोडा आणि सलाइनवर निभावेल. जास्त गेलं असेल तर पोट आजच धुऊन रिकामं करावं लागेल, आणि तसल्या गाईला ते झेपेल की नाही सांगता येत नाही. उगाच करायचं काम नाही ते. राधा रडायला लागली. काल तिने दिवसभर लोकांचे डबे परतवले होते, एकाचंही शिजवलेलं आत जाऊ दिलं नव्हतं. हारवाला म्हणाला, तो पाववाला रोज घालतो की. तेवढ्यात कॉनरॅड आलाच, हातात एक पाव घेऊन. राधाने विचारलं, काल किती घातले? त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "घातले असतील चार-पाच."

राधाने त्याला सांगितलं, उद्यापासून या कोपऱ्यावर दिसू नका. हारवाला पुटपुटला, त्यांना काय गाईचं. कॉनरॅड पाव खिशात घालून निघून गेला. मी तिथेच उभी होते.

डॉक्टरने सोडा पाजला, सलाइन लावलं आणि गेला.

त्याच दिवशी, साडेपाच वाजता

पाच पाव म्हणजे जेमतेम पाव किलो. दोनशे बहात्तर किलोच्या गाईचं पोट पाव किलोने साडेचारवर येत नाही. हे मला साडेबारा वाजताच कळलं होतं. मग पाच तास मी काय करत होते? कपाट आवरत होते.

खरा तक्ता असा. तांदूळ दोन किलो, शिजवून. खिरीचा तांदूळ अर्धा किलो, गूळ पाऊण किलो, दूध. वडे पंचेचाळीस, पीठ दीड किलो. बटाट्याची भाजी. बारा माणसांचं सगळं. दीड वाजता दोन खेपांत पडवीत नेलं, पातेल्यांसकट. राधा जेवायला घरी गेली होती.

बोर्ड माझा, अक्षर माझं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. पातेली घासून मी वहीत "दोन घास" लिहिलं. डॉक्टरला तेच सांगितलं. आता मीच ते परत वाचतेय आणि लाज वाटतेय.

ती खात होती, आणि मी वाढत होते. एवढंच झालं. खीर पुढे केली की तिने लगेच तोंड घातलं, मान वर करून बघितलं, पुन्हा खाल्लं. जयवंत खिरीच्या वाटीकडे असंच बघायचा, आणि मी वाटी उचलून ठेवायची. त्याला मी शेवटचे सहा महिने उपाशी ठेवलं. तो जाणारच होता, आणि तरी मी त्याला उकडलेल्या भाज्यांवर ठेवलं. मी बरोबर होते आणि मला त्याचं काही काही सुख नाही. काल मला कोणालातरी पोटभर वाढायचं होतं. थांबता आलं नाही.

मंगळी मरेल. मी हे इथे लिहीत बसले तर नक्की मरेल. फोन करते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरला सगळं सांगितलं, ग्रॅमसकट. तो नुसतं म्हणाला, "निघतो." एका मित्राला घेऊन सात वाजता हजर. जाड नळीने कोमट पाणी आत सोडायचं, बाहेर काढायचं. वीसेक वेळा केलं. बादल्या मी उचलल्या. त्या पाण्यात भाताची शितं दिसत होती. वड्याचे तुकडेही.

त्याआधी राधाला सांगितलं होतं. तिने माझ्या हातातली पहिली बादली काढून घेतली, मग परत दिली. काम संपल्यावर म्हणाली, "सासूने मरताना ही गाय माझ्या हातात दिली ताई. तुम्हाला तुमच्या माणसाला घालायचं होतं ते घाला. पण माझी गाय कशाला?"



पोट रिकामं झालं तरी मंगळी आज तशीच पडून. डॉक्टर म्हणाला, आत जंतूच उरले नाहीत. निरोगी गाईच्या पोटातलं पाणी आणून हिच्या पोटात घालायला हवं, ऊबदार असताना, हवा न लागता. जोगेश्वरीच्या एका तबेल्यातून तो काढून देईल, पण आणायचं कशात? राधा माझ्याकडे बघत नव्हती. मी कॉनरॅडच्या दारात गेले. काल ज्याला माझ्या पापापायी हाकललं त्याच्या दारात. कारण सांगितलं, बाकी काही बोलायचा धीर झाला नाही. नेरिसाने आत जाऊन चर्चमधल्या चहाचे दोन मोठे फ्लास्क आणले आणि विचारलं, नंतर ते धुऊन निघतील ना? मी म्हटलं, नाही निघणार. ती म्हणाली, "मग आम्ही चहा नंतर पातेल्यातून देऊ."

कॉनरॅड डॉक्टरबरोबर टॅक्सीने गेला, तीन तासांनी परत आला. मांडीवर दोन्ही फ्लास्क. त्यातलं हिरवट पाणी नळीने मंगळीच्या पोटात गेलं. आता थांबायचं. खायला फक्त मूठभर सुका कडबा, तोही तिने मागितला तर.

२४ सप्टेंबर, बुधवार

तिने मागितला नाही.

सकाळपासून पडवी ते घर अशा अकरा फेऱ्या. घरी गेले की वाटतं ती मेली, तिथे गेले की राधाची पाठ दिसते. राधा मला जा म्हणत नाही, बस पण म्हणत नाही. मी उभीच असते.

दुपारी कॉनरॅड आला. पडवीच्या बाहेरच्या कठड्यावर बसला, मीही बसले. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं तर तोच म्हणाला, "ललिताबाय, मी रविवारी खिडकीतून बघितलेलं. तू पातेली घेऊन गेलीस ते."

मला आधी कळेचना.

"मग डॉक्टरला सांगितलं का नाही? चार-पाच पाव कशाला म्हणालात?"

"तू रडत होतीस गो. मोठ्यानं. आणि तिच्याशी बोलत पण होतीस. मी म्हटलं, बाय नवऱ्याला जेवण वाढते, आपण कशाला मध्ये पडा?"

मी रडत नव्हते. मी रडले असते तर मला माहीत असतं. त्याला तसं सांगितलंही. मग माझी जीभ सुटली, की तुमच्या या भलेपणात गाय मेली असती, कळतं का, पाच तास वाया गेले ते निम्मे तुमच्या नावावर. त्याने ते निमूट ऐकून घेतलं. म्हणाला, "ते खरं. मला वाटलं पाव म्हटलं तरी औषध तेच देतील. माणसाच्या पोटाचं मला कळत नाय, गाईच्या काय कळणार?"

मी विचारलं, तिच्याशी मी काय बोलत होते? तो म्हणाला, ऐकू नाही आलं. मग म्हणाला, "एवढं आलं, सावकाश खा म्हणत होतीस."

घरी आले आणि पलंगावर बसून राहिले. मग रडले. या खेपेला माहीत आहे.

२५ सप्टेंबर, गुरुवार

सकाळी आठला मंगळीने कडब्याची एक काडी ओढली. अकराला आणखी तीन. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी घशातून काहीतरी वर येताना दिसलं, आणि तिचा जबडा हलला. सव्वीस वेळा. पन्नास नाहीत, पण सव्वीस. राधाने आधी बघितलं. तिने माझा दंड इतक्या जोरात धरला की अजून दुखतोय.

मग तिला धरल्याचं लक्षात आलं आणि तिने हात काढला. म्हणाली, "कॉनरॅड अंकलना मी सगळ्यांसमोर बोलले. तुम्ही सगळ्यांसमोर सांगायचं."

चारच्या आरतीला सांगितलं. देवळाच्या पायरीवर उभं राहून. हारवाला होता, पुरणपोळीवाल्या बाईही नेमक्या होत्या. पाव नव्हते, माझी खीर होती, परेरांचा काही दोष नाही, त्यांनी फ्लास्क आणले म्हणून गाय वाचली. बाई म्हणाल्या, आणि माझा डबा परत केलात! मी म्हटलं, तो बरोबरच केला. कोणीतरी हसलं. कॉनरॅड मान खाली घालून बूट बघत होता, जसा काही गुन्हा त्याचाच.

राधाने शिक्षा सांगितली. महिनाभर मंगळीला बाहेरचं काही चालणार नाही. तेवढे दिवस सकाळ-संध्याकाळ स्टूल टाकून मी बसायचं आणि एकेकाचा डबा परतवायचा. गाईला माझ्या हाताने एक काडीही घालायची नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

तिसरा दिवस. आत्तापर्यंत एकोणीस डबे परत. मी आता जंतू सांगत नाही, गाय आजारी आहे एवढंच सांगते. लोक समजतात.

आज नऊच्या सुमाराला एक म्हातारे गृहस्थ आले. करी रोडहून, बसने. नाव रामजी सावंत. बायकोची तिथी अविधवा नवमीला होती, पण तेव्हा हे हॉस्पिटलात, डोळ्याचं ऑपरेशन. डोळ्यावर अजून हिरवी पट्टी. स्वतः उठून स्वयंपाक केलेला, वरण-भात आणि वालाचं बिरडं. वाल रात्री भिजत घालून सकाळी एकट्याने सोलले, एका डोळ्याने.

मी सांगितलं, गाय आजारी आहे, शिजवलेलं चालत नाही. ते बरं म्हणाले. भांडले नाहीत. पण गेलेही नाहीत. डबा दोन्ही हातांत धरून तिथेच उभे राहिले, आणि मला ते उभं राहणं सोसेना. भरलेली पातेली आणि जेवायला कोणी नाही, हे मी एकदा बघितलंय.

मी म्हटलं, "द्या इकडे. मी जेवते."

ते गोंधळले. म्हणाले, दुसऱ्याच्या श्राद्धाचं जेवतात का? मी म्हटलं, शास्त्र मला माहीत नाही, भूक लागलीय. त्यांचं नाव काय?

"मालन."

राधाने स्वतःचं पाण्याचं तांब्याभांडं माझ्यापुढे ठेवलं. मी डबा उघडला. ते समोरच्या पायरीवर बसले आणि एका डोळ्याने माझ्या हाताकडे बघत राहिले. मी हॉस्पिटलच्या सवयीने भराभर कालवायला लागले तर म्हणाले, "सावकाश जेवा हो. तिला घाई खपायची नाही."

सावकाश जेवले. अर्धा तास लागला असेल. मधे त्यांनी विचारलं, बरं झालंय का? मी म्हटलं, छान झालंय.

बिरड्यात मीठ बरंच जास्त होतं. शेवटच्या वालापर्यंत सगळं संपवलं आणि डबा धुऊन त्यांच्या हातात दिला.